आगळाच्या बाटलीचा हिशेब : सावंतवाडी तालुक्यातील एका घरगुती कोकम उद्योगाचे प्रकरण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील घरगुती उद्योगांना मार्गदर्शन आणि विपणन यांची गरज आहे, हे सारेच मान्य करतात. प्रश्न असतो तो या दोहोंच्या क्रमाचा. आधी विक्री वाढवावी आणि हिशेब मागाहून बसवावा, की आधी एका बाटलीचा खर्च नेमका काढावा आणि मगच ग्राहक शोधावा? पुढील प्रकरण याच प्रश्नाभोवती फिरते. यातील कुटुंब कोणा एका घराचे चित्र नाही. बांदा, सावंतवाडी आणि कुडाळ या पट्ट्यातील घरगुती कोकम उद्योगांसमोर जे पेच पुन्हा पुन्हा उभे राहतात, ते एका घराभोवती मांडले की त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो, म्हणून अशी मांडणी केली आहे. रुपयांचे आकडेही हिशेबाची रीत समजावी एवढ्यासाठी घेतलेले गोल आकडे आहेत. हंगाम, प्रक्रिया, कायदे आणि योजना मात्र जशा आहेत तशा दिल्या आहेत.

घर आणि धंदा

घर बांद्याच्या अलीकडच्या एका गावातले. परड्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, जुनी झाडे, शिवाय शेजारपाजाऱ्यांकडून विकत मिळणारी फळे. सासूबाई पूर्वीपासून घरापुरती सोले आणि आगळ करीत. सुनेने त्याचा धंदा केला. गावातले एक निवृत्त बँक अधिकारी पुढे या धंद्याचे मार्गदर्शक झाले. ते तिला वहिनी म्हणत आणि सारा गाव त्यांना काका म्हणतो, म्हणून येथेही तीच नावे वापरली आहेत.

रातांबा एप्रिलच्या उत्तरार्धात पिकू लागतो आणि पावसाला तोंड लागले की हंगाम आटोपतो. म्हणजे वर्षभराच्या विक्रीचा माल जेमतेम सहा आठवड्यांत तयार करावा लागतो. पिकलेली फळे धुऊन, फोडून, बिया वेगळ्या करून, मीठ घालून ठेवली की रस सुटतो. रोज ढवळून, गाळून त्याचे आगळ होते. सालींना मिठाच्या रसाचे पुट देत पुन्हा पुन्हा उन्हात वाळवले की सोले, म्हणजेच आमसुले होतात. साखर भरून बरणीत उन्हात ठेवले की अमृत कोकम. या तिन्ही कामांना लागणारे ऊन, हात आणि पैसा एकाच वेळी लागतो. फळांचे पैसे रोख द्यावे लागतात, साखर आणि बाटल्या रोखीने येतात, आणि विकलेल्या मालाचे पैसे मात्र पुढचे दहा-अकरा महिने थेंबाथेंबाने परत येत राहतात. कोकणातल्या बहुतेक फळप्रक्रिया उद्योगांची खरी अडचण येथे आहे, आणि ती जाहिरातीने सुटत नाही.

वहिनींच्या यादीत हळूहळू डझनभर वस्तू जमा झाल्या होत्या. आगळ, सोले आणि अमृत कोकम यांच्या जोडीला आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचे पीठ, सांडगी मिरची, लोणची आणि दुसऱ्याकडून आणून विकायचे काजूगर. येणाऱ्या ग्राहकाने काही ना काही घेऊन जावे, हा त्यामागचा विचार. माल बांदा आणि सावंतवाडीच्या दोन-तीन दुकानांत ठेवला जाई, बाकीचा मे महिन्यात आणि गणपतीत येणारे चाकरमानी घरी येऊन नेत. झाराप ते पत्रादेवी हा चौपदरी महामार्ग सावंतवाडी शहराला वळसा घालून जातो, त्यामुळे गोव्याकडे धावणारा पर्यटक शहराच्या बाजारपेठेत शिरतोच असे नाही. दुकानदार हीच तक्रार करीत आणि माल उचलण्यापूर्वी भाव पाडून मागत.

मागणी वाढली आणि पैसा आटला

मुंबईत शिकणाऱ्या पुतण्याने एका मे महिन्यात आगळ गाळतानाचे छोटे चित्रण करून समाजमाध्यमांवर टाकले. ते पुष्कळ लोकांनी पाहिले आणि मुंबई, ठाणे, पुणे येथून मागणी येऊ लागली. घरात आनंद झाला, आणि तो रास्तही होता, कारण आजवर दुकानदाराच्या मर्जीवर चाललेल्या धंद्याला प्रथमच दूरचा ग्राहक थेट विचारीत होता. बाटली घरपोच १८० रुपयांना द्यायचे ठरले. पुढच्या दोन महिन्यांत शेकड्याने बाटल्या गेल्या आणि गणपतीच्या सुमारास वहिनींच्या लक्षात आले की साखरवाल्याचे देणे फिटलेले नाही.

काकांकडे त्या गेल्या त्या कर्जाची चौकशी करायला. यजमानांच्या मनात यंत्र घ्यायचे होते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते आणि स्वतःचा वाटा किमान १० टक्के घालावा लागतो, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचली होती. योजना चांगली आहे. अर्ज भरण्यापासून परवान्यांपर्यंत हाताशी धरून मदत करणारी जिल्हा संसाधन व्यक्ती तीत नेमलेली असते आणि अनेक उद्योग त्या मदतीमुळे उभे राहिले आहेत. परंतु त्या व्यक्तीचे मानधन कर्ज मंजूर होण्याशी जोडलेले असते, हे कर्ज घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे असे मला वाटते. कर्ज कसे मिळवावे हे ती उत्तम सांगू शकते. कर्ज आता घ्यावे की नाही, हा प्रश्न कुणा दुसऱ्याने विचारायला हवा. येथे तो काकांनी विचारला.

त्यांनी यंत्राची गोष्ट बाजूला ठेवून एक लिटर आगळाचा खर्च कागदावर मांडायला सांगितला. वहिनींनी सांगितले : रातांबे ४० रुपये, मीठ ६, बाटली, बूच आणि लेबल मिळून १८, एकूण ६४. घरी विक्री १०० रुपयांना, म्हणजे ३६ रुपये सुटतात. काकांनी मजुरी विचारली. त्यावर या पट्ट्यातील कोणत्याही घरात ऐकू येईल असे उत्तर आले : "घरचा काम ता, तेची मजुरी कसली?" सासूबाई, वहिनी आणि हंगामात बोलावलेल्या शेजारच्या दोघी यांचे दिवस मोजले, तेव्हा लिटरमागे ३५ रुपये निघाले. वाहतुकीचे ८ आणि गळती-नासाडीचे ३ धरल्यावर बाटली ११० रुपयांना पडत होती. घरी १०० रुपयांना विकताना १० रुपये तोटा, दुकानाला ८० रुपयांना देताना ३० रुपये तोटा. १८० रुपयांच्या घरपोच बाटलीतून कुरिअरचे ९० रुपये वजा केले की हाती ९० उरत, म्हणजे २० रुपये तोटा, आणि वाटेत गळलेल्या बाटलीच्या बदल्यात दुसरी पाठवली की तो कितीतरी वाढे. पुतण्याचे चित्रण यशस्वी झाले होते. त्याने आणलेली प्रत्येक मागणी घराला थोडी अधिक कर्जबाजारी करीत होती, कारण भाव ठरवताना घरातल्या बायकांचे श्रम फुकट धरले होते.

या एका कागदाला मी संपूर्ण प्रकरणात सर्वांत अधिक महत्त्व देतो. बाहेरून आलेला प्रशिक्षक प्रेरणेची भाषणे देतो, यशोगाथा सांगतो आणि माणसे दोन दिवस उत्साहात राहतात. ज्या मार्गदर्शनाने धंदा बदलतो ते बहुधा इतके साधे असते की त्याला प्रशिक्षण म्हणावे की नाही असा संभ्रम पडावा. कुणीतरी शेजारी बसून वहीतली प्रत्येक ओळ विचारतो, उत्तर टाळू देत नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन तीच वही उघडायला लावतो. जिल्ह्यांतील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि बचत गटांसाठी काम करणारे उमेद अभियान यांच्या वर्गांतून खर्च काढण्याची रीत शिकवली जाते. वहिनींनीही ती पूर्वी ऐकलेली होती. कमी होती ती घरी परतल्यावरच्या पाठपुराव्याची.

यादीला कात्री

हिशेब इतर वस्तूंचाही निघाला. काजूगर दुसऱ्याकडून आणून विकण्यात भांडवल अडकत होते आणि सुटत जवळजवळ काही नव्हते. आंबापोळी रातांब्याच्याच दिवसांत करावी लागे आणि त्याच अंगणातल्या उन्हावर हक्क सांगे. यादी तीन वस्तूंवर आणायचे ठरले : आगळ, सोले, अमृत कोकम. सासूबाईंना हे रुचले नाही. फणसपोळी ही त्यांची ओळख होती. काकांनी तो विषय ताणला नाही. फणसपोळी घरच्यांसाठी आणि मागून घेणाऱ्या जुन्या माणसांसाठी चालू राहिली, विक्रीच्या वहीत मात्र ती आली नाही. घरगुती उद्योगात माणसांचे मन हाही एक घटक असतो आणि तो राखूनच निर्णय टिकतात.

यंत्राचा निर्णय पुढे ढकलला. सहा आठवडे चालून बाकीचे वर्ष झाकून ठेवावे लागणाऱ्या यंत्राचा हप्ता मात्र बारा महिने भरावा लागतो. फळ फोडण्याचे काम अडत नव्हते. अडत होते ते वाळवण आणि बाटलीबंद करणे.

मालातील दोष अधिक गंभीर होता. काही बाटल्या फुगत, बूच उडे. ग्राहकांनी कमी खारट आगळ मागितल्यामुळे वहिनींनी मीठ कमी केले होते, आणि मीठ हेच आगळ टिकवणारे द्रव्य असल्याने ते आंबू लागले होते. काकांना यातले ज्ञान नव्हते आणि त्यांनी ते असल्याचे भासवले नाही. त्यांनी वहिनींना वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राकडे आणि किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवले. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या कोकमाच्या जाती दिल्या आहेत आणि प्रक्रियेवरही काम केले आहे. आपल्या दाराशी असलेल्या या ज्ञानाकडे घरगुती उद्योजक फार उशिरा वळतात, ही खेदाची बाब आहे. मिठाचे प्रमाण वजनाने ठरले, अंदाजाने टाकणे बंद झाले आणि प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळी केलेल्या मालाला, क्रमांक देऊन तारीख, फळांचे वजन आणि मीठ यांची नोंद सुरू झाली.

खारटपणाची तक्रार मात्र वेगळ्याच जागी सुटली. चौकशी केल्यावर कळले की शहरातील बऱ्याच जणी सोलकढी करताना आगळात मीठ आहे हे न जाणता वरून पुन्हा मीठ घालीत होत्या. लेबलावर ठळक अक्षरांत दोन ओळी आल्या : आगळात मीठ आहे, चव पाहिल्याशिवाय मीठ घालू नये, एक वाटी नारळाच्या दुधाला दोन चमचे आगळापासून सुरुवात करावी. मालात काहीही न बदलता तक्रारी कमी झाल्या. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत हुशार विपणन हे होते, कारण त्याने ग्राहकाच्या स्वयंपाकघरात जाऊन त्याची अडचण दूर केली.

लेबल, कायदा आणि खरे बोलणे

जुन्या लेबलावर तीन धोक्याच्या गोष्टी होत्या. पहिली, वजन घटते आणि पित्त कायमचे जाते असा दावा. २०१८ च्या अन्नसुरक्षा आणि मानके (जाहिरात व दावे) विनियमांनुसार अन्नपदार्थ रोग बरा करतो असे सांगता येत नाही आणि आरोग्यविषयक दाव्याला शास्त्रीय आधार लागतो. दुसरी, 'जीआय मानांकित' हे शब्द. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे, पण ते वापरण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. केवळ जिल्ह्यात राहतो म्हणून ते छापता येत नाही. तिसरी, जे असायलाच हवे ते नव्हते : चौदा अंकी अन्नसुरक्षा क्रमांक, घटक, निव्वळ प्रमाण, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना, टिकण्याची मुदत, घाणा क्रमांक आणि तक्रारीसाठी संपर्क.

दावे काढून टाकताना यजमान कचरले, कारण बाजारात इतर सारे तसे लिहितात. त्या जागी काय लिहायचे यावर बराच विचार झाला. शेवटी मालाबद्दल जे खरे आहे तेच लिहिले : फळे कोणत्या गावची, कोणत्या महिन्यात फोडलेली, रंग घातलेला नाही. शहरातल्या काही उपाहारगृहांत भडक गुलाबी सोलकढी पाहिलेल्या ग्राहकाला खऱ्या आगळाच्या सोलकढीची फिकट छटा कमअस्सल वाटते, म्हणून तेही समजावले. कोकमाचा नैसर्गिक रंग उजेडाने आणि उष्णतेने हळूहळू उतरतो, बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी आणि रंग थोडा तपकिरीकडे झुकला तर आश्चर्य वाटू नये, असे सांगणारी चिठ्ठी प्रत्येक खोक्यात जाऊ लागली. उणीव आधीच सांगणाऱ्या विक्रेत्यावर ग्राहक विश्वास ठेवतो, हे पुढच्या हंगामात दिसून आले.

ग्राहक कोण, आणि तो कधी भेटतो

नवा भाव लिटरला १७० रुपये ठरला आणि पाठवणीचा खर्च वेगळा. काही ग्राहक गेले. उरलेल्यांत दोन वर्ग स्पष्ट दिसले आणि दोघांशी वेगळ्या रीतीने वागायचे ठरले.

पहिला वर्ग मालवणी जेवण देणाऱ्या लहान खानावळींचा. त्यांना सोलकढी रोज लागते, सणावारी नव्हे. सुंदर लेबलाशी त्यांना देणेघेणे नाही, पण प्रत्येक खेपेला आंबटपणा सारखा हवा. यासाठी निरनिराळ्या घाण्यांचे आगळ मिसळून चव जुळवण्याची पद्धत बसवली आणि नोंदवहीचा उपयोग येथे झाला. पाच लिटरचा कॅन काढला. पाच बाटल्यांना ९० रुपये लागत, कॅन ४० रुपयांत येई, त्यामुळे खर्च ५५० वरून ५०० झाला आणि ६५० रुपयांना विकून १५० रुपये सुटू लागले. लिटरमागे नफा बाटलीपेक्षा कमी, पण मागणी बारमाही. अडचण उधारीची. महिन्याच्या शेवटी देतो म्हणणारा मालक तीन महिने लावतो, म्हणून मागचा कॅन फिटल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही असा नियम केला. तो यजमानांना ओळखीपाळखीत कठोर वाटतो आणि सर्वत्र पाळलाही जात नाही.

दुसरा वर्ग चाकरमान्यांचा, आणि येथे काकांची सूचना खरोखर मोलाची ठरली. चाकरमानी वर्षातून तीनदा गावी येतो : शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. माल मे-जूनमध्ये तयार होतो, पैसा एप्रिलमध्ये लागतो. मग नोंदणी शिमग्याला का घेऊ नये? पालखी घरोघर फिरते त्या दिवसांत गाव भरलेला असतो. आलेल्या प्रत्येकाला मागच्या हंगामातल्या आगळाची सोलकढी द्यायची, वर्षाला किती बाटल्या लागतात ते विचारायचे आणि निम्मी रक्कम आगाऊ घेऊन पावती द्यायची. रोखीने घ्यावी लागणारी फळे आणि साखर यांचा बराचसा पैसा अशा रीतीने बिनव्याजी उभा राहिला, आणि किती माल करायचा याचा अंदाजही हंगामाआधीच आला. गरजेपुरते व्हॉट्सॲप बिझनेस वापरले : तीन वस्तूंची यादी, भाव, आगाऊ नोंदीचे खाते आणि माल निघाल्याचा निरोप. पुतण्याचे चित्रण बंद झाले नाही. आता तो वर्षातून मोजक्या वेळी, माल हाती असताना आणि भाव ठरलेला असतानाच ते टाकतो.

पावसाने घेतलेली परीक्षा

आगाऊ पैसे घेण्यात जोखीम असते आणि ती २०२५ च्या हंगामात किनाऱ्यावरच्या सर्वच वाळवणवाल्यांच्या वाट्याला आली. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात दाखल झाला, दुसऱ्याच दिवशी तळकोकणात पोचला आणि २६ मे रोजी मुंबईत; त्याआधीचे काही दिवसही सरींचेच होते. झाडावरचे रातांबे गळाले, अंगणातली सोले ओली राहिली. अशा वेळी अर्धवट वाळलेली सोले चुलीच्या उबेवर कशीबशी सुकवून पाठवण्याचा मोह होतो. तशी सोले काही आठवड्यांत बुरशी धरतात. या घराने नोंदणी केलेल्या प्रत्येकाला निरोप धाडला की सोले ठरलेल्या प्रमाणात होणार नाहीत; त्याबदली आगळ घ्यावे, पुढच्या वर्षासाठी रक्कम ठेवावी किंवा परत घ्यावी. कुणाला काय हवे ते वहीत लिहून घेतले आणि परत मागणाऱ्यांचे पैसे आधी फेडले. वर्ष तोट्यात गेले. पुढच्या शिमग्याला नोंदणी करणारे मात्र आले.

या अनुभवानंतर यंत्राचा विषय पुन्हा निघाला, पण वेगळ्या रूपात. फळ फोडणाऱ्या यंत्राऐवजी वाळवणाची बंदिस्त सोय हवी, हे आता वहीवरून दिसत होते : किती किलो सोले उन्हाअभावी गेली, त्यांची किंमत काय, हप्ता त्यात बसतो का. अनुदानाच्या योजनेसाठी अर्ज करायचा तर तो या आकड्यांसह करता येईल, आणि बँकेलाही असे कागद समजतात. शेजारच्या दोन घरांनी मिळून अशी सोय करावी का, यावर बोलणे चालू आहे. बचत गटामार्फत गेल्यास त्याच योजनेत खेळत्या भांडवलासाठी प्रत्येक सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे, त्यामुळे गट म्हणून जाण्यात फायदा दिसतो. मात्र तीन घरांच्या मालाची चव सारखी राखणे सोपे नाही.

दुसरा अनिर्णित विषय गोव्याचा. म्हापसा आणि पणजीची उपाहारगृहे या गावाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. तरीही राज्याची हद्द ओलांडून करपात्र माल पुरवायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक होते, आणि नोंदणीबरोबर नियमित विवरणपत्रे व हिशेबनीसाचा खर्च येतो. यजमानांना ही संधी सोडवत नाही. काकांनी त्यांना उत्तर दिलेले नाही. महिन्याला किती कॅन गेले तर हिशेबनीसाचे पैसे, वाहतूक आणि उधारीचे व्याज भागते, एवढे एक गणित त्यांनी लिहून आणायला सांगितले आहे. ते गणित या वेळी सासूबाईंच्या दिवसाची मजुरी धरून मांडले जात आहे.